एंटरप्राइज अशी का दिसते? पोळपाट, बारीक मान आणि इतर गंभीर प्रश्न

खग्रास (धागाकर्ता)

मंडळी, स्टार ट्रेकची जुनी म्हणजे १९६६ ची कर्क-स्पॉकवाली मालिका परत बघायला घेतलीय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. ते जहाज. यूएसएस एंटरप्राइज, एनसीसी-१७०१. लहानपणी कधी प्रश्न पडला नाही, दिसलं की भारी वाटायचं, विषय संपला. आता नीट बघतोय तर शंकाच शंका.

पुढे १२७ मीटर व्यासाची तबकडी. तिच्या खालून एक बारीक मान निघते, ती मागच्या लांबुळक्या धडाला चिकटते, त्या धडातून दोन काटकुळे खांब तिरके वर जातात आणि खांबांच्या टोकाला दोन लांबच लांब नळकांडी, ज्यांना नॅसेल म्हणतात आणि जी म्हणे इंजिनं आहेत. सगळं मिळून लांबी २८९ मीटर, आत ४३० माणसं. हे असं कोण कशाला बांधेल? इंजिनं राहत्या जागेपासून एवढी लांब का? मान मोडत कशी नाही? कॅप्टन बसतो तो ब्रिज तबकडीच्या बरोब्बर डोक्यावर, शत्रूला नेम धरायला सोपं जावं अशा बेताने का ठेवलाय? आणि सगळ्यात मोठी शंका, इम्पल्स इंजिन, म्हणजे प्रकाशापेक्षा कमी वेगाने जायचं वेगळं इंजिन, आहे तबकडीच्या मागच्या कडेला, धड राहिलं त्याच्या कितीतरी खाली, मग इंजिन चालू केल्यावर जहाज कोलांटी का मारत नाही?

थिअऱ्या द्या. "टीव्हीवर छान दिसतं म्हणून" असं लिहिणाऱ्याचा प्रतिसाद वाचला जाणार नाही.

पेंगुळलेला

पहिला!

टीव्हीवर छान दिसतं म्हणून.

हळदीकुंकू

आमच्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं हे, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून डोकावून विचारायची, "अगं एका पोळपाटाला दोन लाटणी कशाला?" तेव्हा आम्ही हसलो होतो पण खग्रास, तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिच्याच प्रश्नात आहे बघ. दोन लाटणी कशाला?

फाईल_पुढे_सरकवा

सरकारी नोकरीत केस पांढरे झाले म्हणून सांगतो, मला हे जहाज बघताक्षणी समजलं. हे तीन वेगळ्या निविदांचं काम आहे. तबकडी एका कंत्राटदाराला, धड दुसऱ्याला, नॅसेल तिसऱ्याला, आणि तिघांनी वेळेत आपापला माल आणून टाकल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की जोडकामाची निविदा काढायचीच राहिली, मग उरल्यासुरल्या पैशात मान आणि खांब. म्हणूनच ते एवढे बारीक आहेत. ब्रिजवरच्या पाटीवर सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया असं गावाचं नाव स्पष्ट लिहिलंय, कंत्राटदाराचं नाही. का नाही? विचार करा.

कल्हई

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). फाईलकाका, जोडकामाला पूर्णत्वाचा दाखला कोणी दिला मग?

फाईल_पुढे_सरकवा

जहाजाचा मुख्य इंजिनियर स्कॉटीने. त्याला सेवेत राहायचं होतं.

धावपट्टी

तुम्हा लोकांची मजा चालू दे पण थोडी खरी माहिती पण येऊ द्या राव. हा आकार मॅट जेफ्रीजचा. मालिकेचा आर्ट डायरेक्टर, पण मूळचा विमानवेडा माणूस, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर होता, स्वतः उडवायचा. आणि मालिकेचा कर्ताधर्ता जीन रॉडनबेरी हाही युद्धात बी-१७ चा पायलट. म्हणजे दोन पायलट समोरासमोर बसलेत आणि १९६४ सालात अंतराळयान ठरवतायत, तर रॉडनबेरीने काय हवंय ते सांगण्याऐवजी काय नकोय तेच सांगितलं. पंख नकोत, शेपटीचे कल्ले नकोत, मागून धूर आणि ज्वाळा नकोत, रॉकेट तर अजिबात नको. आता त्या काळात अंतराळयान म्हटलं की एक तर रॉकेट नाहीतर उडती तबकडी, तिसरं डोळ्यासमोर यायचंच नाही, आणि यातलं पहिलं तर बादच झालं होतं. जेफ्रीजने कागदांचा ढीग केला. त्याचा विचार साधा होता की एवढं वेगाने जाणारं इंजिन म्हणजे भयानक ताकदीचं असणार, त्यातून काय काय बाहेर पडेल कोण जाणे, मग ते माणसांपासून लांब नको का, आणि बिघडलं तर आख्खं सुटं करून दुसरं लावता आलं पाहिजे. विमानाच्या इंजिनाचं आपण तेच करतो, पंखाखाली टांगतो, काढतो, बदलतो. म्हणून नॅसेल लांब आणि बाहेर.

राहायचा भाग त्याला आधी गोल चेंडू करायचा होता. ते जमेना, ठोंब्या दिसायला लागलं, मग चेंडू चपटा करत करत तबकडी झाली. म्हणजे ज्या तबकडीपासून पळत होता तीच मागच्या दाराने आत आली.

आणि तो एनसीसी नंबर. एनसी हे अमेरिकेतल्या नागरी विमानांच्या जुन्या नोंदणीचं अक्षर, दुसरा सी सोव्हिएत नोंदणीवरून घेतला असं तो सांगायचा. १७०१ का, तर ३, ६, ८, ९ हे आकडे लांबून एकमेकांत मिसळतात म्हणून ते टाळले. बघा, आकड्यांचा एवढा विचार करणारा माणूस मान उगाच बारीक करेल का?

खग्रास

धावपट्टीकाका दंडवत! पण एक सांगा, इंजिन धोक्याचं म्हणून लांब, पटलं. मग स्कॉटी दिवसभर कशाच्या शेजारी उभा असतो? त्याची इंजिन रूम नक्की आहे कुठे? नॅसेलमध्ये नाही, तिथे माणूस जातच नाही. मग धडात की तबकडीत?

कल्हई

या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं लोक भांडतायत बरं का, आणि मालिकेने स्पष्ट उत्तर कधी दिलंच नाही. त्या इंजिन रूममध्ये जाळीच्या मागे लांबवर जाणाऱ्या नळ्या दिसतात ना, तो सेट आहे, मागे मागे नळ्या मुद्दाम छोट्या करत नेल्यात म्हणजे खोली लांबलचक वाटते. प्रत्यक्षात तिथे मागे भिंत. त्यामुळे ते कुठे आहे या प्रश्नाचं उत्तर "हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत" एवढंच खात्रीने देता येतं.

पेंगुळलेला

म्हणजे स्कॉटी रोज "इंजिनं सहन करणार नाहीत" म्हणतो ते भिंतीकडे बघून.

कल्हई

आता माझ्या विषयाकडे येते. स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, त्यामुळे ती मान बघून मला झोप लागत नाही. एका बाजूला १२७ मीटरची तबकडी पुढे झेपावलेली, दुसऱ्या बाजूला धड आणि नॅसेल, आणि सगळा बाक येतो कुठे तर त्या मानेत. एकटी मान काय काय सोसणार? नुसतं तरंगत असेल तर ठीक आहे, अंतराळात वजन लागत नाही. पण वेग वाढवला, वळलं, टॉर्पेडो बसला की वस्तुमान आहे ते आहेच, ते मुकाट्याने सोबत येत नाही. मालिकावाल्यांनी पुढे यावर "स्ट्रक्चरल इंटिग्रिटी फील्ड" नावाचा उपाय काढला. म्हणजे वीज चालू आहे तोवर जहाज एकसंध. आमच्या ऑफिसात कोणी असलं डिझाइन आणलं असतं ना, की इमारत उभी राहील पण लाईट जाऊ देऊ नका, तर त्याला जिन्यानेच खाली पाठवलं असतं.

आता कोलांटी. खग्रासचा प्रश्न बरोबर आहे. इम्पल्सचा जोर तबकडीच्या पातळीवर लागतो. जहाजाचा गुरुत्वमध्य जर त्या रेषेच्या खाली असेल, म्हणजे धड खाली लोंबतंय म्हणून, तर जहाजाचं नाक खाली जाणार आणि ते पुढच्या बाजूने कोलांट्या खात सुटणार. "फुल इम्पल्स, मिस्टर सुलू" म्हटल्यावर तीन सेकंदांत कॉफी छतावर. हे गणित आहे, यात मत नाही.

हळदीकुंकू

वॉर्पमध्ये, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगात पण?

कल्हई

नाही गं, वॉर्पमध्ये जहाजाला धक्काच बसत नाही अशी कल्पना आहे. भोवतालचा अवकाशच आक्रसतो आणि पसरतो, जहाज आपलं आत निवांत. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे नावाच्या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारं असं काहीतरी कागदावर मांडून दाखवलं होतं, फक्त त्याला ऋण ऊर्जा लागते, जी कोणाकडे नाही. पण गंमत ही की त्यावरून पुढे ज्यांनी ज्यांनी जहाजं काढली त्यात जहाजाभोवती मोठी गोल कडी असते. नळकांडी नाहीत.

धावपट्टी

आणि गंमत म्हणजे जेफ्रीजनेही कड्यांच्या जहाजाची चित्रं काढली होती! नापास झाली. पुढे २००१ च्या मालिकेत स्पॉकच्या जातभाई व्हल्कन लोकांच्या जहाजांना बरोबर तशीच कडी दिली. म्हणजे व्हल्कन शहाणे, माणसं आपली नळकांडी घेऊन फिरतात.

पासंगवाला

अनेक वर्षं वाचनमात्र होतो, आज या धाग्याने बोलतं केलं. कल्हईताई, तुमचं गणित बरोबर पण तुम्ही एक वस्तू तराजूत टाकायला विसरलात. नॅसेल!

धड तबकडीच्या खाली, मान्य. पण नॅसेल तबकडीच्या वर आहेत, बाजूने चित्र बघा. आता समजा नॅसेल भयंकर जड आहेत, आत कुठल्यातरी अतिजड धातूची वेटोळी ठासून भरलीत, तर खाली धड ओढतंय, वर नॅसेल ओढतायत, आणि गुरुत्वमध्य येतो बरोब्बर मध्ये, इम्पल्सच्या रेषेत! कोलांटी रद्द. माझी थिअरी अशी आहे की नॅसेल हे इंजिन आहे ही स्टारफ्लीटने, म्हणजे ही जहाजं चालवणाऱ्या दलाने, पसरवलेली अफवा आहे. तो पासंग आहे. एक पुरला नसता म्हणून दोन. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

खग्रास

काय लिहिलंस रे! ही थिअरी चौकटीत लावून ठेवायला हवी.

हळदीकुंकू

आजी असती तर म्हणाली असती, मग एकच जाड लाटणं घ्यायचं.

धावपट्टी

एकच नॅसेल नियमात बसत नाही हो. पुढच्या नेक्स्ट जनरेशन मालिकेतली एंटरप्राइज-डी काढणारा अँड्र्यू प्रोबर्ट सांगतो की रॉडनबेरीने नियम घालून दिले होते, नॅसेल जोडीनेच हव्यात, दोन्हींना एकमेकी दिसल्या पाहिजेत, समोरून बघितलं तरी दोन्ही दिसल्या पाहिजेत, आणि ब्रिज तबकडीच्या माथ्यावरच. आता चाहत्यांमधली कुजबूज अशी आहे की हे नियम भौतिकशास्त्रासाठी नव्हतेच, फ्रान्झ जोसेफ नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात एक नॅसेलवाली आणि तीन नॅसेलवाली जहाजं काढून छापली होती, ती बाद ठरावीत म्हणून होते.

पेंगुळलेला

पण नेक्स्ट जनरेशनच्या शेवटच्या भागात, १९९४ ला, भविष्यातल्या एंटरप्राइजला तीन आहेत की. तिसरा पासंग कशाला? कॅप्टन पिकार्डचं वजन वाढलं?

मराठी_बोर्ग

सगळे फालतू वाद आहेत. अंतराळात हवा नाही, वारा नाही, निमुळतं नाक लागत नाही, मान लागत नाही. सरळ घन करा. मालिकेत आम्ही बोर्ग लोकांनी आमच्या जहाजाचा केला. आतमध्ये जागाच जागा, कुठूनही बघितलं तरी सारखाच, गुरुत्वमध्य मधोमध, कोलांटी नाही, कोणत्या बाजूने पार्क करायचं हा प्रश्न नाही. विरोध व्यर्थ आहे, आणि घन सोडून इतर सगळे आकार म्हणजे सजावट आहे.

कल्हई

बोर्गराव, तत्त्वतः सहमत. पण अंतराळ अगदीच रिकामं नाहीये. दोन ताऱ्यांच्या मध्ये सरासरी दर घन सेंटिमीटरला एखादा अणू तरी असतो, धूळ असते, आणि तुम्ही प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने आलात की तो धुळीचा कणच बंदुकीची गोळी होतो. एंटरप्राइजच्या धडाच्या तोंडाला ती गोल थाळीसारखी डिश आहे ना, ती पुढचा कचरा बाजूला ढकलण्यासाठी आहे असं मालिकेत मानतात. मग समोरून तोंड जितकं कमी तितकं बरं. चपटी तबकडी आडवी जाते तेव्हा समोरून फक्त तिची कड दिसते. तुमचा घन आख्खी भिंत घेऊन जातो.

मराठी_बोर्ग

भिंतीला काही होत नाही. भिंत जुळवून घेते.

निळ्या_शर्टवाली

नॅसेलच्या तोंडाशी ते लाल गरगर फिरणारे घुमट आहेत त्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही?? मला त्याच्यासाठीच ती मालिका आवडायची. मालिकेआधी नमुन्याला केलेल्या पायलट भागांत ते नुसते लाल रंगवलेले, टोकाला काटा असलेले होते, मालिका सुरू झाल्यावर आत दिवे, आरशाचे तुकडे आणि मोटर बसवून ती गरगर आणली. नंतर त्यांना नाव मिळालं बुसार्ड कलेक्टर. रॉबर्ट बुसार्डने १९६० मध्ये खरंच असं मांडलं होतं की जहाजाने पुढे चुंबकीय जाळं टाकून वाटेतला हायड्रोजन गोळा करायचा आणि तेच इंधन वापरायचं. आता कल्हईताईंच्या एका घन सेंटिमीटरला एक अणू या हिशोबाने बघितलं तर किती दिवस फिरल्यावर एक वाटी भरेल कोण जाणे, पण कल्पना मस्त आहे. म्हणजे पुढची डिश कचरा बाजूला ढकलतेय आणि वरचे लाल घुमट तोच कचरा ओढून घेतायत. एकाच जहाजावर!

फाईल_पुढे_सरकवा

वेगवेगळी खाती आहेत. समन्वय नाही. मी पहिल्यापासून सांगतोय.

धावपट्टी

आता आकाराचं आणखी एक गुपित. जे मोठं मॉडेल पडद्यावर दिसतं ते सव्वाअकरा फुटांच्या आसपास लांब आणि जवळपास ९० किलो वजनाचं. लाकूड, प्लास्टिक, धातू असं सगळं मिळून केलेलं. आधी त्यात दिवे नव्हते, मग दिवे हवेत असं ठरलं, तर वायरी कुठून तरी बाहेर काढायला हव्यात ना, त्या काढल्या डाव्या बाजूने. त्यामुळे डावी बाजू धड रंगवली नाही, खिडक्या नाहीत, नुसत्या वायरी लोंबतायत. म्हणून जुन्या मालिकेत तुम्हाला जहाजाची जवळजवळ नेहमी उजवीच बाजू दिसते, ते पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातं. दुसरी बाजू दाखवायचीच वेळ आली तर आकडे उलटे चिकटवून उजवीच बाजू शूट करायची आणि मग फिल्म उलटवायची!

ते मॉडेल १९७४ पासून अमेरिकेत स्मिथसोनियनकडे आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये. २०१६ ला नीट दुरुस्त करून परत मांडलं, मालिकेच्या पन्नाशीला.

पेंगुळलेला

थांबा थांबा. म्हणजे एंटरप्राइजला डावी बाजू नाहीच??

मग मालिकेतल्या शत्रूंना, क्लिंगनांना, साठ वर्षांत हे कसं नाही कळलं. डावीकडून या ना लेकहो. तिकडे तर वायरीच लोंबतायत, कात्री घेऊन या फक्त.

निळ्या_शर्टवाली

म्हणूनच कॅप्टन कर्क सारखा डावीकडे वळायला सांगतो आणि आपल्याला ते कधी दाखवत नाहीत =))

खग्रास

डाव्या बाजूवरून आठवलं. त्या ब्रिजचं कोडं कोणाला माहितीय का? बाहेरून बघा, ब्रिजच्या घुमटामागे बरोबर मधोमध एक नळीसारखा फुगवटा आहे, तो टर्बोलिफ्टचा असणार असं सगळे धरतात. पण आत सेटवर टर्बोलिफ्टचा दरवाजा कॅप्टनच्या पाठीमागे मधोमध नाहीये, डावीकडे सरकलेला आहे. म्हणजे दोन्ही जुळवायचे तर आख्खा ब्रिज फिरवून बसवायला लागतो. आणि फ्रान्झ जोसेफने १९७५ च्या त्याच्या नकाशांत खरंच तसा बसवला, ३६ अंश डावीकडे तोंड करून! म्हणजे जहाज चाललंय सरळ आणि कर्क बघतोय तिरपा.

पासंगवाला

बाब्बो. हे माहीत नव्हतं. पण तपासता येईल की! जहाजाला ब्रेक लागला की माणसं जहाजाच्या नाकाच्या दिशेने फेकली जाणार. ब्रिज ३६ अंश डावीकडे तोंड करून असेल तर त्यांच्या दृष्टीने नाक उजवीकडे आहे, म्हणजे सगळे पुढे आणि उजवीकडे पडले पाहिजेत. भाग बघून नोंद ठेवा, कोण कुठे पडतं.

कल्हई

नोंद ठेवून काय होणार, ते कॅमेरा तिरपा करतात आणि नट आपापल्या मर्जीने उड्या घेतात, अर्धे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे. एकाच खोलीत दोन दिशांना गुरुत्वाकर्षण. आणि सीट बेल्ट? ४३० माणसांच्या जहाजावर एकही नाही!

हळदीकुंकू

मला साधी शंका आहे, लिफ्टच थोडी बाजूला सरकून मग वर येत असेल तर? टर्बोलिफ्ट आडवीही जाते ना. शेवटच्या मजल्यावर जरा डावीकडे घेतली, संपलं. कशाला आख्खा ब्रिज फिरवायचा?

खग्रास

हळदीकुंकू, तू हे एका ओळीत सोडवलंस, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. कृपया असं करू नये, धागा मरतो.

पेंगुळलेला

नकाशांवरून विषय निघालाच आहे तर... संडास कुठे आहे?

फाईल_पुढे_सरकवा

आलाच विषय. तरी एवढे प्रतिसाद दम धरला हे विशेष.

धावपट्टी

मालिकेत दाखवत नाहीत. पण त्याच नकाशांत बोलिंग ॲली आहे. होय, ती खेळायची, लाकडी पिना पाडायची. ४३० माणसं, अनोळखी ग्रह, बाहेर क्लिंगन, आणि धडाच्या पोटात बोलिंग. कल्हईताई, ते चेंडू गुरुत्वमध्याच्या हिशोबात घेतले होते का?

मराठी_बोर्ग

आमच्या घनात संडास नाही. गरज नाही. परत एकदा सांगतो, जुळवून घ्या.

अधिकमास

उशीर झाला धाग्यावर यायला पण मानेवर माझी थिअरी. मान बारीक आहे कारण ती तोडायचीच आहे. एंटरप्राइज-डी बघा, १९८७ ची, ६४२ मीटरची, हजारावर माणसं, आणि त्यात पोरंबाळं पण! तिची तबकडी सुटी होते, पहिल्याच भागात झाली. लढाई आली की बायकापोरांना तबकडीत घालून लांब पाठवायचं आणि धड घेऊन भांडायला जायचं. १९९४ च्या सिनेमात तर तबकडी एकटीच ग्रहावर आपटली आणि माणसं वाचली. आणि हे जुन्या मालिकेतही होतं, दुसऱ्या सीझनमध्ये द ॲपल नावाच्या भागात जहाज ग्रहाच्या ओढीत अडकतं तेव्हा कर्क स्कॉटीला सांगतोच की गरज पडली तर नॅसेल टाकून दे आणि मुख्य भाग घेऊन सटक. तर मान म्हणजे कमकुवत जागा नाही, कापायची खूण आहे. जाड मान कापायला वेळ लागला असता.

कल्हई

हे पटलं. फक्त मग ब्रिज डोक्यावर ठेवायचं कारण पण हेच, बरोबर ना? कॅप्टन तबकडीत म्हणजे पळणाऱ्या भागात. स्कॉटी धडात म्हणजे उरणाऱ्या भागात.

फाईल_पुढे_सरकवा

वरिष्ठ अधिकारी आधी. काही बदललेलं नाही.

निळ्या_शर्टवाली

पण ग्रहावर उतरायला तबकडी कधी वापरत नाहीत ना. कारण पैसे! दर भागात एवढं मोठं जहाज ग्रहावर उतरवून दाखवायचं म्हणजे मालिकाच बुडाली असती, म्हणून तर ट्रान्सपोर्टर आला. उभं राहा, चमचम, पोचलात. म्हणजे बघा, जहाजाला पाय नाहीत म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवतात. मला नेहमी वाटतं पाय लावणं सोपं गेलं असतं.

धावपट्टी

आणि खऱ्या एंटरप्राइजचा किस्सा माहितीय ना? नासाच्या पहिल्या शटलचं नाव आधी कॉन्स्टिट्यूशन ठरलं होतं. स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडून १९७६ मध्ये नाव बदलून एंटरप्राइज करून घेतलं. कार्यक्रमाला बरीचशी नटमंडळी हजर. पण ते शटल हवेत उडवून आणि उतरवून बघायच्या चाचण्यांसाठी बनवलेलं, दुसऱ्या विमानाच्या पाठीवर बसून वर जायचं, अंतराळात ते कधीच गेलं नाही. आता न्यूयॉर्कला इंट्रेपिड म्युझियममध्ये आहे.

पेंगुळलेला

एक एंटरप्राइज डाव्या बाजूशिवाय अख्खं अंतराळ फिरली आणि दुसरीला दोन्ही बाजू असून जायला मिळालं नाही.

अधिकमास

पासंगवाला, तुझ्या थिअरीला एक जबरदस्त पुरावा आहे माझ्याकडे, पण तुला आवडेल की नाही माहीत नाही. जेफ्रीजने आकार पक्का करताना एक छोटं मॉडेल केलं होतं हाताने, अंग बाल्साचं, म्हणजे एकदम हलकं लाकूड, आणि नॅसेलना बर्चच्या गोल दांड्या, म्हणजे जड लाकूड. वर दोरा बांधला आणि रॉडनबेरीसमोर नेलं. रॉडनबेरीने दोरा धरून उचललं आणि मॉडेल गर्रकन उलटं! नॅसेल खाली, तबकडी वर. आणि साहेबांना ते तसंच आवडलं. जेफ्रीजला ते सुलटं करून पटवायला जीव काढावा लागला.

पासंगवाला

आवडेल की नाही काय विचारतोस! नॅसेल जड, सिद्ध झालं! पहिल्या दिवसापासून जड होत्या! मी निघालो पेढे आणायला.

कल्हई

पेढे ठेव जरा बाजूला. मॉडेल उलटलं याचा अर्थ वरचं वजन जास्त झालं, म्हणजे गुरुत्वमध्य इम्पल्सच्या रेषेच्या खाली नाही, रेषेत पण नाही, वर गेला. मग इम्पल्स चालू केल्यावर नाक खाली जाणार नाही, वर जाणार. कोलांटी आहेच, फक्त आता मागच्या बाजूने.

खग्रास

म्हणजे आता धाग्यावर दोन गट. पुढे कोलांटीवाले आणि मागे कोलांटीवाले. मी मागेवाल्यांत, कारण कॉफी छतावर जाण्यापेक्षा पाठीमागच्या माणसावर सांडलेली बरी.

पासंगवाला

ताई, मग धडात थोडं वजन वाढवू. बोलिंगचे चेंडू आहेतच.

कल्हई

किती चेंडू लागतील ते काढून दे, नकाशावर सही करते.

निळ्या_शर्टवाली

प्रत्यक्ष करून बघायचंय का कोणाला? माझ्याकडे एएमटी कंपनीच्या जुन्या एंटरप्राइज किटची नवी आवृत्ती आहे, अजून खोक्यातच. जोडते, दोऱ्याने टांगते, काय होतं ते फोटोसकट टाकते.

धावपट्टी

अगं ते किट कशासाठी प्रसिद्ध आहे माहितीय ना? त्याच्या नॅसेल काही काळाने खाली वाकतात. खांब एवढे बारीक की त्यांना तोलवत नाही, चाहत्यांच्या कपाटांत साठच्या दशकापासून वाकलेल्या नॅसेलच्या एंटरप्राइज उभ्या आहेत. जोडायच्या आधी खांबांत तार घाल.

कल्हई

बघा!! खांब!! मी मानेकडेच बघत बसले आणि खांबांचं गणित केलंच नाही कोणी. निळे, तार घालू नकोस, तशीच जोड आणि दर आठवड्याला कोन मोजून टाक इथे.

निळ्या_शर्टवाली

कोन मोजते पण कोणता ग्लू घेऊ? घरी फेविकॉल आहे.

फाईल_पुढे_सरकवा

तीन दरपत्रकं मागव.